त्याचं नेट, माझं नेट

आमच्या घरात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सासूबाई तर सासऱ्यांचं नाव अजूनही घेत नाहीत, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी. मीसुद्धा घरात 'अहो'च म्हणते. पण हे सगळं सांगताना दर वाक्याला 'आमचे हे, आमचे हे' करत बसले तर माझाच जीव दमेल. म्हणून इथे नाव घेते. प्रभु. घेतलं बघा.

प्रभु पुण्यात एका कंपनीत कामाला होता. रात्रभर जागून परदेशातल्या लोकांचे सर्व्हर सांभाळायचे, असं काम. गेल्या वर्षी कंपनीने माणसं कमी केली, लॅपटॉप काढून घेतला आणि प्रभु सोलापूरला परत आला. आला म्हणजे काय, निम्माच आला. गालफडं बसलेली, बोलणं बंद. दिवसभर दाराच्या पायरीवर बसायचा आणि कुणी हाक मारली की दचकायचा. तिकडे एका खोलीत किती जण राहत होते, काय खात होते, दिवसा झोप लागत होती की नाही, काही सांगायचा नाही. एकदा नुसतं म्हणाला, "दाक्षा, तितं मी लई येळा रेल्वेच्या पुलावर जाऊन उभा राहायचो." मी पुढचं विचारलं नाही. मला विचारायची छातीच झाली नाही.

त्याला माणसात आणता आणता माझ्या नाकी नऊ आले. जरा हसायला-बोलायला लागला, तोवर सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, त्या खाटेला लागल्या. आता आम्ही दोघांनी मिळून सोलापूर सोडायचा प्रश्नच नव्हता. प्रभुचे मामा ईरप्पा पुण्याजवळ एका गोदामात मुकादम आहेत. त्यांचा निरोप आला, "रात्रपाळी हाय, राहायची सोय हाय, सोमवारपतुर सांग." प्रभु हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पण दुसऱ्या दिवशी मी क्लासवरून आले तर त्याने माळ्यावरची बॅग खाली काढून ओल्या फडक्याने पुसून ठेवली होती. हा परत गेला तर या खेपेला निम्मासुद्धा परत यायचा नाही, हे मला ठाऊक होतं.

आणि त्याच आठवड्यात एका परीक्षेची बातमी आली. एका कंपनीला लिनक्सचे सर्व्हर सांभाळायला माणसं हवी होती. घरी बसून काम, सोलापूर सोडायची गरज नाही. परीक्षा शहराबाहेरच्या एका कॉलेजात, शनिवारी. आम्ही दोघांनीही नाव नोंदवलं. "दोघांपैकी एकाला लागली तरी बास," प्रभु म्हणाला. मग त्याने बॅग कोपऱ्यात सरकवली, पण परत माळ्यावर टाकली नाही.

माझं सांगायचं तर मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवायची एक प्रणाली, शिकवते. शिकले मात्र कुठे नाही. अक्कलकोटला माहेरी असताना बी.ए. झाले, बाकीचं सगळं लग्नानंतर, प्रभुच्या जुन्या पुस्तकांतून आणि क्लासच्या कॉम्प्युटरवर डोकं आपटून. त्यामुळे आमच्याकडे लोक प्रभुला 'कॉम्प्युटरवाला' म्हणतात आणि मला 'कॉम्प्युटरवाल्याची बायको'. परीक्षेला निघालो तेव्हा शेजारच्या तानाबाई म्हणाल्या, "बरं झालं, सोबतीला तू बी निगालीस." सासूबाईंजवळ त्याच बसणार होत्या, त्यांच्याशी वाद घालून कसं चालेल?

परीक्षेची अट अशी होती की प्रत्येकाने आपलं लिनक्स पेनड्राईव्हमध्ये घेऊन यायचं. ज्यांना हे माहीत नाही त्यांना सांगते. पेनड्राईव्हमध्ये एक अख्खा कॉम्प्युटर मावतो, म्हणजे कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल. कुणाच्याही कॉम्प्युटरला लावा, एका चौकटीत आपलं मशीन उघडतं, आपल्या फायली, आपली मांडामांड. काम झालं की बंद करायचं आणि पर्समध्ये टाकून घरी यायचं. घरी माझ्याकडे क्लासच्या मालकांनी भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर आहे आणि क्लासात दुसरा, त्यामुळे माझं सगळं पेनड्राईव्हवरच चालतं.

यात एकच दुखणं आहे, नेटचं. मशीन उघडतं, चालतं, पण नेट मिळायची मारामार. नेट द्यायच्या दोन तऱ्हा आहेत. सोपी तऱ्हा म्हणजे ज्या कॉम्प्युटरला पेनड्राईव्ह लावला त्याच्या आडून नेट घ्यायचं. बाहेरच्या नेटवर्कला मोठा कॉम्प्युटर तेवढा दिसतो, आतलं मशीन दिसतच नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे ब्रिज. त्यात आतलं मशीन स्वतःचा पत्ता घेऊन थेट नेटवर्कवर उभं राहतं. प्रत्येक मशीनचा असा एक पत्ता असतो, आकडे आणि अक्षरांचा. कंपनीला ब्रिज हवा होता. ज्याने त्याने आपल्या मशीनचा पत्ता आधी कळवायचा, त्याच पत्त्यावरून त्यांचा सर्व्हर तुम्हाला ओळखणार आणि आत घेणार.

ब्रिज चालवायला ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर एक ड्रायव्हर, म्हणजे छोटासा प्रोग्राम, घालावा लागतो आणि तो घालायला मालकाचा पासवर्ड लागतो. क्लासचे मालक गुरुलिंग सर पासवर्ड विसरलेले. "बाई, तो पासवर्ड मला ठाऊक असता तर मी कशाला तुमच्या पाया पडलो असतो?" असं म्हणायचे आणि चहा मागवायचे. ड्रायव्हर नाही म्हणून ब्रिजसाठी नेटवर्क निवडायच्या यादीत काहीच यायचं नाही, यादी कोरीच. शेवटी घरचा भंगार कॉम्प्युटर पुसून काढला, त्याच्यावर नव्याने विंडोज घातलं, ड्रायव्हर घातला, आणि एका दुपारी माझ्या मशीनला थेट नेट मिळालं. मी इतकी खूश झाले की सासूबाईंना जाऊन सांगितलं. त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्या डाव्या बाजूने हसल्या.

प्रभुचं मशीन मात्र काही केल्या नेट घेईना. त्याने ते स्वतःच्या हाताने पहिल्यापासून बांधलं होतं. माझ्यासारखं उधारउसनवारीचं नव्हे, असं त्याचं म्हणणं. रोज उठून तोच खेळ. मशीन चालू करायचं, बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला हाक मारून बघायची, आणि पडद्यावर ओळीमागून ओळ यायची की उत्तर नाही, उत्तर नाही. मी मदतीला गेले की म्हणायचा, "राहू दे, मी बघतो." परीक्षेच्या आदल्या दुपारी मी भाकऱ्या थापत होते तर आतून दाणकन् आवाज आला. धावत गेले. त्याने कीबोर्ड जमिनीवर आपटला होता आणि दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. "मला काईच येत न्हाई, दाक्षा. काईच येत न्हाई. मामाला फोन लाव."

मी फोन लावला नाही. पिठाचे हात धुतले, माझा पेनड्राईव्ह लावला, माझ्या मशीनचं अख्खं फोल्डर उचललं आणि त्याच्या पेनड्राईव्हवर उतरवून दिलं. शेजारणीला वाटीत विरजण काढून द्यावं तसं. क्लासातही मी हेच करते. एक मशीन नीट लावून घ्यायचं आणि सगळ्या पोरांना त्याच्या नकला वाटायच्या. कधी कुणाची तक्रार आली नाही, कारण क्लासात सगळे मोठ्या कॉम्प्युटरच्या आडूनच नेट घेतात. प्रभुने माझं नाव बदलून तिथे आपलं घातलं, पासवर्ड बदलला, पडद्यावरचं स्वामींचं चित्र काढून सिद्धेश्वराचा तलाव लावला. मशीनला नेट होतं. तो दहा वर्षांनी लहान दिसायला लागला. "द्या आता पत्ता कळवून," मी म्हणाले आणि तव्याकडे पळाले. माझा पत्ता मी आधीच कळवला होता, त्याचा त्याने कळवला. दोन्ही पत्ते शेजारी ठेवून बघायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही, आणि कंपनीतही कुणी बघितलं नसावं.

शनिवारी नेमका पाण्याचा दिवस. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी बाकी जग थांबतं. सकाळी पिंप, घागरी, सासूबाईंचं अंग पुसायची बादली, सगळं भरलं आणि ओल्या पदरानेच रिक्षात बसले. प्रभुने इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत त्याने दोनदा खिसा चाचपून पेनड्राईव्ह आहे का ते बघितलं.

कॉलेजच्या हॉलमध्ये कॉम्प्युटरच्या रांगा लावल्या होत्या. प्रभु माझ्या पुढे दोन रांगा सोडून बसला. मला त्याची पाठ, मान आणि तेल लावलेले केस तेवढे दिसत होते. कंपनीचा माणूस पुण्याचा होता, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, बोलायला गोड. त्याने नियम सांगितले. मोबाईल बाहेर, बोलायचं नाही, उठायचं नाही. आणि मग म्हणाला, "मशीन स्वतःचं हवं. एकाच्या मशीनची नक्कल दुसऱ्याने आणलेली सापडली तर दोघंही बाद. पुन्हा कधी बसता येणार नाही." मी पेनड्राईव्ह मुठीत धरला. पण मी मनाशी म्हटलं, नाव वेगळं आहे, पासवर्ड वेगळा आहे, कुणाला कळतंय?

पेनड्राईव्ह लावला. ड्रायव्हर तिथे आधीच घातलेला होता, ब्रिजच्या यादीत नेटवर्कचं नाव आलं. सर्व्हरने मला आत घेतलं. तीन कामं होती. तीन आजारी सर्व्हर दिले होते आणि ते बरे करायचे होते, झालं. मी तिन्ही एकदा उघडून बघितले आणि सांगते, मला हसू फुटलं. तिन्ही मला येत होते. तिसरा तर मी क्लासात घसा सुकेपर्यंत शिकवलेला. डिस्क भरली म्हणून सर्व्हर ओरडत असतो आणि डिस्कवर शोधायला जावं तर मोठी फाईल कुठेच नसते. कारण ती कुणीतरी आधीच पुसलेली असते, पण एका चालू प्रोग्रामने ती अजून धरून ठेवलेली असते. प्रोग्राम बंद केला की जागा मोकळी. पोरांना हे कधी पटकन कळत नाही.

पहिल्या कामाला हात घातला आणि नेट गेलं.

आपोआप आलं. दोन आज्ञा दिल्या, परत गेलं. मी केबल हलवून बघितली, मशीन बंद करून चालू केलं, पत्ता नव्याने मागितला. सर्व्हर आत घ्यायचा आणि धक्का मारून बाहेर काढायचा. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. "आमच्याकडून सगळं ठीक आहे मॅडम. बाकी कुणालाच अडचण नाही." आणि मग पुढे बघून म्हणाला, "हां, त्या सरांना येतेय वाटतं." त्याने बोट दाखवलं ते प्रभुकडे.

प्रभुचा उजवा हात मानेवर होता. त्याचं काही अडलं की हात तिथे जातो, हे मला लग्नापासून माहीत आहे. मी बघत राहिले. माझं नेट गेलं तेव्हा त्याचा हात मानेवरून खाली आला. माझं आलं तेव्हा पुन्हा वर गेला. मला आधी वाटलं योगायोग आहे. मग मी मशीनचा पत्ता उघडून बघितला आणि आदल्या दिवशीची ती दुपार डोळ्यासमोर उभी राहिली. पिठाचे धुतलेले हात, उचललेलं फोल्डर. फोल्डर जसंच्या तसं उचललं की आतला पत्ताही तोच राहतो. नाव बदललं, पासवर्ड बदलला, तलावाचं चित्र लावलं, आणि पत्ता राहिला. एकाच पत्त्याची दोन मशीनं एका नेटवर्कवर बसली होती. जो शेवटचा बोलेल त्याच्याकडे उत्तर जात होतं. मी बोलले की त्याचं तोंड बंद आणि तो बोलला की माझं.

तरी मी खात्री करून घेतली. मशीनच्या सेटिंगमध्ये पत्त्याच्या खालीच 'केबल जोडलेली' अशी एक चौकोनी खूण असते. ती काढली की आतल्या मशीनची केबल उपटल्यासारखं होतं. मी खूण काढली. पुढे दोन रांगांवर प्रभुचा हात खाली आला, खांदे सैल पडले, तो खुर्चीत जरा पुढे सरकून टाईप करायला लागला. मी खूण परत केली. हात मानेवर गेला. माझ्या नवऱ्याचे खांदे मी पाठीमागून माऊसने वरखाली करत होते. मला रडायला यायला लागलं आणि रागही इतका आला की माऊस फेकून द्यावासा वाटला. कुणावर राग, ते तेव्हा कळलं नाही.

मी माझा पत्ता बदलून बघितला. बदलायला काही लागत नाही, एक बटण दाबायचं. पण नवा पत्ता कळवलेला नव्हता, सर्व्हरने ओळखच दाखवली नाही. जुना परत घातला. कंपनीच्या माणसाला सांगावं तर त्याने नियम स्वतःच्या तोंडाने वाचला होता, दोघंही बाद. प्रभुला सांगावं तर बोलायला बंदी. घड्याळ पुढे चाललं होतं आणि आम्ही नवरा-बायको एका नळाला दोन घागरी लावून भांडत होतो. त्यातल्या एकाला तर भांडण चाललंय हेच माहीत नव्हतं.

इथे मी विचार केला असं सांगायला मला आवडेल. तिन्ही कामं मला येत होती, हे मला माहीत होतं. प्रभुला पहिलं येईल, दुसरं कदाचित, तिसरं नाही, हेही मला माहीत होतं. दोघांपैकी एकाला लागली तरी बास, असं त्यानेच म्हटलं होतं. हिशोब इतका सरळ होता. पण मी तो मांडलाच नाही. समोर त्याची मान दिसत होती, ती कोपऱ्यातली बॅग दिसत होती, तो पूल दिसत होता जो मी कधी बघितलेला नाही. आणि माझा हात गेला. रोज दुपारी भाकरी तव्यावरून उतरते आणि हात आधी त्याच्या ताटाकडे जातो, कुणी सांगावं लागत नाही, तसाच गेला. मी खूण काढली आणि परत केली नाही.

उरलेला सगळा वेळ मी नुसती बसून होते. पडद्यावर माझं लिनक्स उघडं होतं, धडधाकट, आणि त्याला बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं. कंपनीचा माणूस पुन्हा आला, मी म्हटलं, "राहू द्या, माझ्याच मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे." त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं घरकामातून उठून हौसेने परीक्षेला आलेल्या बाईकडे बघतात. मी मान खाली घातली. पुढे प्रभु टाईप करत होता. मध्येच थांबत होता. शेवटी शेवटी तो बराच वेळ थांबला, आणि त्याचा हात पुन्हा मानेवर गेला. नेट चालू असताना गेला. तेव्हाच मला कळून चुकलं.

निकाल तिथेच लावला, पाऊण तासात. मला शून्य. प्रभुला तीनपैकी एक. अक्कलकोट रोडच्या एका मुलीचं नाव पुकारलं आणि बार्शीच्या एका मुलाचं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

रिक्षात प्रभु खिशातला पेनड्राईव्ह काढून हातात फिरवत होता. मग म्हणाला, "माझं नेट आदी लई तरास देत हुतं. मग आपोआप सुदरलं बघ. नेटचं काय न्हाई म्हणता येत. मलाच आलं न्हाई." थोड्या वेळाने म्हणाला, "तिसऱ्याला डिस्क भरली म्हणतंय, आन् फाईल तर कुटंच न्हाई. तुला आलं असतं की ते." मी बाहेर बघत होते. उन्हात चादरीच्या दुकानांपुढे माणसं घासाघीस करत होती. मला त्या सगळ्यांचा राग आला.

घरी आलो तर सासूबाई जाग्या होत्या. "एनातु?" त्यांनी अर्ध्या तोंडाने कानडीत विचारलं, काय झालं म्हणून. प्रभु त्यांच्या उशाशी बसला आणि त्यांचा डावा हात धरून म्हणाला, "काई न्हाई आव्वा. न्हाई झालं." तानाबाई चप्पल घालून गेल्या. जाताना मला दारात म्हणाल्या, "तू कशाला तोंड पाडतीस? तुजं काय, तू सोबतीलाच गेलतीस की." मी दार लावून घेतलं.

मी स्वयंपाकघरात गेले. पीठ काढलं. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आला. "दे गं तुझा पेनड्राईव्ह," प्रभु म्हणाला. "बघतो तुझं काय बिगाडलंय. नेट का आलं न्हाई तुला."

"राहू द्या की. आता काय करायचंय?"

"आता न्हाई, पर पुढच्या येळेला. तुझ्यासाटी सांगतोय."

कितीतरी महिन्यांत तो माझ्या कशासाठी स्वतःहून असा बसला नव्हता. पर्स खाटेवर पडली होती, त्याने पेनड्राईव्ह काढून घेतला. मला जाऊन हात धरावासा वाटला, पण हात पिठात होते, आणि खरं सांगायचं तर मी दमले होते. मी भाकरी थापत राहिले.

बाहेर माऊसचा टकटक आवाज येत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "ही केबलची खूण कुणी काढली?"

मी तव्यावरची भाकरी उलटली.

"आपोआप जात न्हाई ती. हातानं काढावी लागती." खुणेच्या वरच पत्ता असतो. आदल्या दिवशीच त्याने तो एकेक अक्षर मोठ्याने म्हणत कळवला होता. मी दारात येऊन उभी राहिले तेव्हा त्याने स्वतःचा पेनड्राईव्हही लावला होता आणि दोन्ही चौकटी शेजारी शेजारी उघडल्या होत्या. तो एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर बोट फिरवत होता, परत परत, लहान मुलासारखा.

"म्हंजे माझं नेट सुदरलं, ते..."

"व्हय."

"तू बंद केलीस म्हणून."

"व्हय. मग काय करायचं हुतं? दोगं बाद झालो असतो. तो बोलला की नियम तुमच्यासमोर." माझा आवाज चढला. "आन् तुमी का न्हाई काढलं शोधून? नेट जातंय, येतंय, जातंय, मागं वळून बायकोकडं एकदा बगायचं की! मी तुमच्या मानंकडं बगून वळखलं. तुमाला माझं काय दिसलं?"

"मला कुटं येतंय तेवढं," तो म्हणाला. रागाने नाही. जे आहे ते सांगावं तसं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला येत हुती का गं तिन्ही?"

मी मान हलवली.

त्याने डोळे मिटले. "मी बंद केलं असतं की, दाक्षा. तुला आदी कळलं, मला कळलं असतं तर मी बंद केलं असतं. आन् घरी बसलो असतो आव्वापाशी. पाणी भरलं असतं, भाकरी बी शिकलो असतो. तुला वाटलंच न्हाई का, मी करीन म्हणून?"

नव्हतं वाटलं. हेच तर झालं होतं. तिथे बसल्या बसल्या सगळं सुचलं, पत्ता बदलायचं सुचलं, खूण काढायचं सुचलं, आणि हा माणूस माझ्यासाठी बाजूला होईल, हे एकदाही मनात आलं नाही. मला कुणावर राग आला होता ते आता कळलं, पण त्याचा उपयोग काय? मी तिथेच दाराला टेकून खाली बसले आणि तोंडावर पदर धरून रडले. खाटेवरून सासूबाई बघत होत्या. या वेळेला त्यांनी 'एनातु' विचारलं नाही.

प्रभुने माझ्या मशीनमध्ये ती खूण परत लावली. नेट लगेच आलं. मग त्याने दोन्ही पेनड्राईव्ह काढून, टोपणं लावून, माझ्या पर्समध्ये ठेवले. त्याचाही. आणि मामांना फोन लावला. "मामा, प्रभु बोलतोय. व्हय. येतो मी. न्हाई, सोमवारी न्हाई, उद्याच्या गाडीनं येतो."

तव्यावरची भाकरी करपली होती. ती काढून बाजूला टाकली, दुसरी केली. ताटात भाकरी, शेंगाचटणी, पातळ वरण वाढलं आणि रोजच्यासारखं त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ताटाकडे बघितलं आणि ते उचलून माझ्यापुढे ठेवलं.

"तू जेव आदी," तो म्हणाला.

"असं कुटं असतं का? तुमी..."

"जेव."

मी भाकरीचा तुकडा मोडला. नुसताच हातात धरला. तो उठून आत गेला, तांब्याभर पाणी घेऊन आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. बॅग त्याच्या मागेच कोपऱ्यात होती. मी रडत रडत सगळं ताट संपवलं, आणि तेवढा वेळ तो तांब्या धरून बसून होता.